अळ्यांची साक्ष

तपासनीस बाई अकराला येणार होत्या, आणि दहा वाजता गच्चीवर घड्याळजींच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "अहो, एकही भोक नाही!"

कुंड्यांतली पालेभाजी नुकतीच इस्त्री केल्यासारखी दिसत होती. ती तपासणीत पास झाली, तरच बायकोला रविवारच्या सेंद्रिय बाजारात टेबल मिळणार होतं. वर्षभर तिने त्या एका टेबलाचा ध्यास घेतला होता.

"मग चांगलंच आहे की!" घड्याळजी म्हणाले.

"डोंबल चांगलं! एवढी स्वच्छ पानं बघून त्या म्हणणार, औषध मारलंय. तुम्ही सगळ्या अळ्या वेचून टाकल्यात कशाला?"

"फवारणी नको, असं तूच म्हणालीस."

"आता तासाभरात अळ्या आणू कुठून?"

घड्याळजींनी एकदा जिन्याकडे बघितलं, मग तिच्या अवताराकडे. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळदुरुस्तीच्या दुकानातलं बारीक हत्यार आणलं आणि भराभर पानांना भोकं पाडत सुटले.

"शाब्बास! इकडे पण! त्या कोपऱ्यात!" बायकोला नुसता चेव चढला होता.

बाई आल्या. त्यांनी एक पान उलटलं, दुसरं उलटलं. प्रत्येक पानावर बारा भोकं, गोलाकार, अगदी सारख्या अंतरावर. चाळीस वर्षांची सवय, हात दुसरं काय करणार?

"काका, तुमच्याकडच्या अळ्यांना घड्याळ कळतं वाटतं?"

बाईंनी फुली मारायला पेन उघडलं. बायकोच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बघितलं मात्र, घड्याळजी धडाधड जिना उतरले आणि सहा बरण्या घेऊन वर आले. आत शेदोनशे अळ्या वळवळत होत्या.

"मारवत नाहीत हो मला," ते ओशाळून म्हणाले. "चिमट्याने उचलतो आणि यात ठेवतो. इथलाच पाला घालतो रोज."

"माझा पाला?" बायको किंचाळली.

बाई मात्र हरखल्या. "औषध मारलेला पाला खाऊन अळ्या अशा गुबगुबीत राहतात होय? पास!"

रविवारी बायकोने एक बरणी टेबलावरच मांडली. काय ती झुंबड! तासाभरात शेवटची जुडी गेली. आता ती नाचायचीच बाकी होती, पण नवरा कुठे दिसेना.

घड्याळजी चार टेबलं पलीकडे पिशवी पसरून उभे होते.

"औषध मारलेलं नाही ना, नक्की?" ते भाजीवाल्याला खोदून खोदून विचारत होते. "घरी लहान तोंडं आहेत हो. सकाळपासून उपाशी आहेत."