सातव्याला धाडकन

"गाणार नाही म्हणजे नाही! मान कापली तरी नाही!" फोल्कमारनं सगळ्यांदेखत छाती ठोकली.

हा फोल्कमार ऑर्गन बडवायचा, अन् जोडीदार एगर्ट ड्रम. दोघांचाच बँड, गाणारा कुणी नाही. तीन वर्षांत रेकॉर्ड खपल्या एकेचाळीस, त्यातल्या नऊ फोल्कमारच्या आईनं घेतलेल्या! पण ताठा म्हणाल तर चर्चच्या मनोऱ्याएवढा.

त्या रविवारी गावच्या आगबंबवाल्यांचा उत्सव. मांडवात बियर, सॉसेज, चारशे माणसं. बंबवाल्यांचा म्होरक्या ब्रिंकमान. त्याच्याच कोठारात ह्यांची तालीम चालायची.

"पोरा, शब्दाबिगर गाणं म्हणजे सॉसेजबिगर पाव! एक तरी गाणं म्हण, नाहीतर उद्या तुझं सामान कोठाराबाहेर!"

"काका, फेका उकिरड्यावर! माझ्या संगीतात शब्द शिरणार नाही!"

"अरे, निदान 'ला ला' तरी..." एगर्ट कुजबुजला.

"तू ड्रम वाजव!"

अन् फोल्कमारनं ऑर्गनवर धरला सात मात्रांचा ठेका.

आता तिथली रीत अशी, की वाद्य वाजलं की बाकड्यावरच्यांनी एकमेकांच्या हातात हात अडकवायचे अन् डावी-उजवीकडं डुलायचं. जन्मभर दोन-चारच्या सरळ ठेक्यावर डुललेली माणसं ती! सहापर्यंत झकास. सातव्याला निम्मं बाकडं डावीकडं, निम्मं उजवीकडं. धाडकन! हात अडकलेले, सुटतो कोण? एकामागं एक बाकडी उताणी!

ब्रिंकमानची बायको, हेडविग मावशी, बटाट्याच्या सॅलडात तोंडावर आपटली.

"बंद कर!" ब्रिंकमान गरजला.

"नाही करणार!" फोल्कमारनं आवाज आणखी वाढवला.

ब्रिंकमाननं तीस वर्षं आगी विझवलेल्या. त्याला गोंधळ बघवतो होय? चढला टेबलावर, फुंकली शिट्टी. "उठा! मोजा माझ्याबरोबर! एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... थांब!"

थांबले की सगळे! एकही बाकडं हललं नाही. मग काय, चारशे गळे सुरात ओरडायला लागले, "...पाच, सहा, थांब!"

"मोजू नका! गप्प बसा!" फोल्कमार बेंबीच्या देठापासून ओरडला. ऐकतो कोण?

शेवटी ब्रिंकमाननं त्याला मिठीच मारली. "कोठार तुझंच, पोरा! अन् शब्द नाहीत म्हणत होतास? सगळ्या गावाला पाठ झाले की!"

फोल्कमार लालबुंद. "पुढच्या साली अकराचा ठेका वाजवतो! बघतोच कोण गातं ते!"

हेडविग मावशीनं केसातला बटाटा काढून तोंडात टाकला.

"वाजव रे बाळा. अकरापर्यंत येतं आम्हाला."