चाकांवरचं स्वयंपाकघर

सूर्य मावळायला पंचावन्न मिनिटं राहिली होती आणि भंवरीबाई एका मोटारीच्या पोटात उभ्या राहून कणीक मळत होत्या. मोटार मंगरुळपीरहून मानोऱ्याला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, एका बाभळीखाली उभी होती. खरं तर या वेळी त्यांनी दिग्रसला, लेकीच्या घरी पाटावर बसलेलं असायला हवं होतं. पण गाडी पूनमचंद चालवत होते. रिसोडात चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलेल्या या माणसाला वाशीमच्या बाजारात दर चौथ्या दुकानात ओळखीचं कोणी तरी भेटलं, आणि दर ओळखीमागे एक चहा झाला.

भंवरीबाई सकाळी नऊला जेवल्या होत्या तेवढंच. त्यांचा नियम कडक होता. सूर्य मावळला की अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. मग दुसऱ्या दिवशी सूर्य उगवून दोन घटका होईपर्यंत तोंडाला कुलूप. सव्वीस वर्षांत नियम मोडला नव्हता, आणि सव्वीस वर्षांत त्या कुठे गेल्याही नव्हत्या. कांदा, लसूण, बटाटा न घालता आणि दिवसाउजेडी जेवू घालील असं हॉटेल अजून कोणी काढलेलं नाही. म्हणून त्यांच्या मुलानं, सन्मतीनं, एक जुनी शाळेची गाडी घेतली आणि वाशीमच्या एका कारागिराकडून तिच्यात ओटा, शेगडी, पाण्याची टाकी आणि झोपायला दोन बाकं बसवून घेतली. "आई, आता कुठी बी जा. तुहं सयपाकघर तुह्यासंगं," असं तो म्हणाला होता.

गाडीला एका बाजूनं मोठी फळी होती. स्वयंपाक करताना ती वर उचलायची, नाही तर आत गुदमरायला होतं, असं कारागिरानं तीनदा बजावलं होतं. फळी वर गेली की ओटा थेट रस्त्याकडे उघडा. त्याच बाजूला पूनमचंदांनी हौसेनं केशरी रंगात मोठा मंगल कलश काढून घेतला होता आणि खाली लिहिलं होतं, 'जय जिनेंद्र. सर्व जीव सुखी असोत.'

मुगाच्या डाळीला तुपातली जिऱ्याची फोडणी बसली आणि तिचा वास रस्ताभर गेला. पहिला फुलका फुगला तोच एक मोटारसायकल थांबली. उतरलेल्या माणसानं चपला काढल्या, कलशाला हात जोडले आणि नम्रपणे विचारलं, "शेठजी, महाप्रसाद सुरू झाला काय?"

आता इथं कोणीही सांगितलं असतं, की बाबा रे, हा महाप्रसाद नाही, माझ्या बायकोचं जेवण आहे. पण पूनमचंद ओट्यापाशी उभे होते. ओट्याच्या पलीकडे माणूस उभा राहिला, की त्याला 'नाही' म्हणणं त्यांच्या जिभेला जमतच नसे. दुकानात माल नसला तरी ते 'उद्या येईल' म्हणत, पण 'नाही' म्हणत नसत. फुलक्याला 'उद्या' म्हणता येईना. त्यांनी तो पत्रावळीवर ठेवला, वर डाळ घातली आणि पत्रावळ बाहेर दिली.

"काय करून राह्यले तुमी?" भंवरीबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "थो माहा फुलका होता!"

"मानूस हात जोडून आला, भंवरी. नाही कसं म्हनू?"

"तोंडानं म्हना! देवानं तेवढ्याचसाठी देल्लं हाये!"

"एकच त गेला. दुसरा लाट."

भंवरीबाईंनी दुसरा लाटला. पण रस्त्याच्या कडेला एक माणूस उकिडवा बसून पत्रावळीवर जेवतो आहे, मागे कलश आहे आणि तुपाचा वास सुटला आहे, हे दृश्य बघून न थांबणारी गाडी वऱ्हाडात जन्माला यायची आहे. कापूस वेचून परतणाऱ्या बायांची एक ऑटो थांबली. अकरा बाया उतरल्या. कोणी काही विचारलं नाही. त्यांनी चपला काढल्या, पदर डोक्यावर घेतले आणि गवतावर ओळीनं मांडी घालून बसल्या.

इथं भंवरीबाईंची खरी पंचाईत झाली. उभ्या माणसाला हाकलता येतं. बसलेल्या पंगतीला कसं उठवणार? पंगतीतून उपाशी माणूस उठवला तर सव्वीस वर्षांचा नियम काय चुलीत घालायचा होता? त्यांनी दात-ओठ खात लेकीसाठी आणलेल्या पिठाचा डबा उघडला आणि परातीत पीठ ओतलं.

"ही गाडी हाये, मंदिर नोहे," त्या फुलका आपटत म्हणाल्या. "माह्यासाठी बांधली हाये. माह्या पोरानं!"

"हो हो," पूनमचंद म्हणाले आणि डाळ वाढायला गेले. वाढताना ते भलतेच खूश दिसत होते. गेली दोन वर्षं दुकान मुलाच्या हातात होतं. इतकी गर्दी त्यांनी बऱ्याच दिवसांनी पाहिली होती.

तेवढ्यात मोटारसायकलवाला जेवून उठला. त्याचं नाव मदनसिंग. खाल्ल्या अन्नाला जागावं म्हणून तो रस्त्याच्या मधोमध उभा राहिला आणि येईल त्या वाहनाला हात दाखवू लागला. "या, या! महाप्रसाद हाये! साजूक तुपातला!"

भंवरीबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी फळीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "ए भाऊ! तुले कोनं सांगतलं बोलवाले?"

"पुन्याच्या कामाले सांगा लागते काय, माय? तुमी लाटा बिनधास्त. लोकायचं मी पाह्यतो."

आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारे भंवरीबाईंनी खूप पाहिले होते, पण तेच पीठ मळायला लावून वर धीर देणारा हा पहिलाच. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजून एकवीस मिनिटं. पंचांगात सूर्यास्त पाच त्रेचाळीसचा होता. बाहेर दुसरी पंगत बसत होती, आणि पहिलीतल्या दोघीतिघी पुन्हा दुसरीत बसल्या होत्या.

पूनमचंद नवरा म्हणून अगदीच वाया गेलेले नव्हते. साडेपाचला त्यांनी एका ताटात दोन फुलके, वाटीभर डाळ आणि बेसनाच्या गट्ट्यांची भाजी वाढून ते बाकाखाली झाकून ठेवलं. "भंवरी, आता तू मागं बसून जेवून घे. तेरा मिनिटं हायेत. मी सांभाळतो."

भंवरीबाईंनी शेगडी बंद केली, हात धुतले आणि पदर सावरला. त्या ताटाकडे वळल्या, तेवढ्यात पंगतीच्या टोकाकडून एक खणखणीत म्हातारा आवाज आला.

"दाळ लय फिकी हाये वो. ना कांदा, ना लसून. महाप्रसाद हाये म्हून गिळून राह्यली, नाही तं कोनी खाल्ली नसती."

भंवरीबाई ताट सोडून फळीकडे आल्या. रिसोडात त्यांच्या डाळीसाठी व्याही मुक्काम वाढवत. "कोन बोललं?" त्यांनी फळीतून विचारलं.

"मी बोलली," सत्तरीची एक बाई म्हणाली. दंडात बंजारा बायकांच्या पांढऱ्या बांगड्या, समोर अर्धी पत्रावळ. "हिरीबाई. हा समोर आमचा तांडा. खोटं काहून बोलू?"

"कांदा-लसनाबिगर चव नाही येत, असं म्हन्नं हाये तुमचं?"

"आली असती तं म्हनली नसती काय?"

"भंवरी," पूनमचंद मागून कुजबुजले, "अकरा मिनिटं. जेव."

"थांबा तुमी!" भंवरीबाईंनी शेगडी पेटवली. कढल्यात तूप घातलं, हिंग घातला, लाल मिरच्या मोडून टाकल्या, वरून धने आणि चिमूटभर आमचूर. खमंग धूर गाडीभर झाला. पूनमचंद खोकत खोकत म्हणाले, "आठ मिनिटं." ती फोडणी भंवरीबाईंनी चुर्र करून डाळीवर ओतली, वाटी भरली आणि गाडीतून उतरून स्वतः हिरीबाईंच्या पत्रावळीवर वाढली. "आता खा!"

हिरीबाईंनी फुलक्याचा तुकडा मोडला. त्यांच्या तोंडात दात जेमतेम चार होते आणि त्यातला एकही दुसऱ्यासमोर नव्हता. त्या सावकाश घास घोळवू लागल्या. भंवरीबाई पळी हातात घेऊन समोर उभ्या.

"चार मिनिटं!" गाडीतून आवाज आला. "भंवरी, ताट तिथंच घिऊन येऊ काय?"

"यांचं गिळनं होऊ द्या आधी!"

हिरीबाईंनी घास गिळला. जरा विचार केला. खात्री करून घ्यावी म्हणून दुसरा घास घेतला. पंगत जेवायची थांबली. शेवटी त्यांनी मान डोलावली. "हां. आता लागली चव. हे आधी कराले काय झालं होतं?"

भंवरीबाईंचा चेहरा फुलला. विजयानं त्यांनी पूनमचंदांकडे पाहिलं. पूनमचंद ताट हातात धरून त्यांच्या खांद्यावरून पश्चिमेकडे बघत होते. डोंगरावर नुसती लाली उरली होती.

"गेला," ते म्हणाले.

भंवरीबाई वळल्या, आणि मग जे बोलायला लागल्या ते थांबेनात. नवऱ्याच्या भिडस्तपणापासून सुरुवात झाली. त्यानंतर मदनसिंग, वाशीमचे चहा आणि फळी उघडी ठेवायला सांगणारा कारागीर, सगळे त्यात आले. "पन्नास मानसं जेवली माह्या शेगडीवर! आन मी? मी सकायपासून उपाशी! आता उद्या सूर्य निंगेपरेंत पानी बी नाही मले!"

मदनसिंगनं रस्त्यावरून हात खाली घेतला. आणि हिरीबाई, भंवरीबाईंपेक्षाही लाल होऊन, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"म्हंजे तुमी जेवल्या नाही? आन आमाले जेवू घातलं? लाज नाही वाटत तुमाले?"

"मले?" भंवरीबाई चाट पडल्या.

"मंग काय! वाढनारी उपाशी ठिवून जेवलो, असं नाव होईन आमच्या तांड्याचं. हे पाप कोन घेईन? ही गाडी आता हालत नाही. सकायी मी सयपाक करीन. तुमी जेवान, मंग जान."

"माह्या शेगडीवर?"

"कोनाच्या करू?"

"माह्या गाडीत माह्याशिवाय कोनी सयपाक करत नाही!"

"आज तुमीच करत होत्या. काय झालं पाह्यलं ना?"

गाडी तांड्याच्या कडेला लावली गेली आणि लेकीला 'उद्या येतो' असा फोन झाला. सकाळी सूर्य वर आला तेव्हा हिरीबाई न्हाऊन, धुतलेलं लुगडं नेसून फळीपाशी हजर होत्या. भंवरीबाई गाडीच्या शिडीवरून सूचना देऊ लागल्या. पाणी गाळून, कांदा नाही, लसूण नाही, जमिनीखालचं काहीच नाही, पातेलं ते नाही, हे.

"समजलं," हिरीबाई म्हणाल्या. "आता खाली बसा. पंगतीत."

आणि स्वतःच्या स्वयंपाकघराबाहेर, दंवानं ओल्या गवतावर, भंवरीबाई मांडी घालून बसल्या. आत दुसरीच बाई त्यांचे डबे उघडत होती, झाकणं भलत्याच डब्यांना लावत होती, हिंगाची डबी शोधताना भांडी आपटत होती. भंवरीबाई तीनदा उठल्या, आणि तिन्ही वेळा आतून आवाज आला, "बसा!" शेजारी पूनमचंद निमूट बसले होते. नियम त्यांचा नव्हता, तरी रात्री तेही जेवले नव्हते. बायकोचं झाकलेलं ताट समोर असताना त्यांची हिंमत झाली नव्हती.

दोन घटका झाल्या. ज्वारीची भाकर आणि तुरीच्या डाळीचं घट्ट वरण पत्रावळीवर आलं. बावीस तासांच्या उपाशी तोंडात पहिला घास गेला आणि भंवरीबाईंनी डोळे मिटले. त्यांना खोड काढायची होती. भाकर जाड आहे, वरण करपलं आहे, तिखट जास्त आहे, काहीही चाललं असतं. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, पण खोड सापडेना, आणि त्यामुळे त्यांचा राग आणखीच वाढत गेला.

हिरीबाई फळीतून वाकल्या होत्या. हातात पळी होती. "कसं झालं वो?"

भंवरीबाईंनी पत्रावळीवरचा शेवटचा थेंब बोटानं निपटला.

"गरम हाये," त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या आणि रिकामी पत्रावळ पुढं केली.