आबांच्या फाटकाचा परवलीचा शब्द

आमच्या शेजारच्या हवालदार आबांच्या घरात शिरायचं तर परवलीचा शब्द लागतो. चेष्टा नाही. फाटकाच्या कडीला हात लावला की आतून आवाज येतो, "थम! कौन आता है?" नाव सांगून भागत नाही. "आजचा शबूद सांग!" शब्द रोज बदलतो. कधी 'डांगर', कधी 'माडगं', कधी 'कळण्याची भाकरी'. सकाळी आबा तो दूधवाल्याच्या कानात सांगतात. मला दोन वर्षांत एकदाही सांगितला नाही. सगळी नोकरी फौजेत पहारा देऊन आलेल्या माणसाच्या डोक्यात खाण्याशिवाय दुसरं काही नाही, असं मी बायकोजवळ चिडून म्हणायचो.

आबांचा कशावरच विश्वास नाही. गॅसवाला आला की आधी त्याचं ओळखपत्र, मग सिलिंडर. मतं मागायला आलेल्या उमेदवारालाही "तूच त्यो कशावरनं?" विचारून पत्रकातल्या फोटोशी त्याचं तोंड ताडून बघितलं. सगळ्यांना एकच हुकूम, "पयला कागद दाखीव."

मला मात्र संशय आबांचाच यायचा. मी मिरजेला एका कारखान्यात लेथवर काम करतो. गेल्या उन्हाळ्यात पाळ्या कमी झाल्या, पगार निम्म्यावर आला आणि घरकर्जाचे तीन हप्ते थकले. बँकेची पत्रं बायकोच्या हाती पडू नयेत म्हणून मी पोस्टमनला कोपऱ्यावरच गाठायचो आणि पत्रं स्कूटरच्या डिकीत कोंबायचो. एकदा फाटकातूनच आबा म्हणाले, "पोस्टमनला तुझ्या घरी यायची बंदी हाय का रं?" मी डिकी घाईनं बंद केली. म्हाताऱ्याला आमचं घर स्वस्तात लाटायचं असणार, दुसरं काय!

अशात मला फोनवर एक देवमाणूस भेटला. माझा नंबर त्याला कुणी दिला, हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही. "साहेब, बँक घराचा लिलाव काढेल, तो मी थांबवतो. फी तेवढी रोख ठेवा, आणि दोन सह्या लागतील," म्हणाला. बायको माहेरी शिराळ्याला गेलेली बघून मी त्याला रविवारी बोलावलं. आणि तो नेमका चुकून आबांच्या फाटकाशी थांबला.

"थम! कौन आता है?"

"मी बँकेतून आलोय. कर्जाचं काम आहे."

"शबूद?"

"कसला शब्द?"

"ऱ्हाऊ दे. कागद दाखीव. शाखा कुठली? सायबाचं नाव काय? आन् रविवारी कुठली बँक उघडी असती रं?"

मी धावत पोचेपर्यंत देवमाणूस गाडीला किक मारून पसार झाला होता आणि त्याची फाईल आबांच्या हातात होती. आत कोरे मुद्रांक कागद, आणि मी सह्या करायच्या जागी पेन्सिलीच्या फुल्या.

मला तेव्हा त्या फुल्याही दिसल्या नाहीत. "आवं आबा, माझं घर बुडवलंत तुमी!" मी ओरडलो. डोळ्यांत पाणीच आलं.

"किती हप्तं थकलं?"

"तीन."

"आन् बँकेत किती खेपा घातल्यास?"

एकही नाही. जायची लाज वाटत होती.

"येडाच हायस गड्या! कर्ज दिलं बँकेनं, आन् तू बोलतूस कुनासंगं?"

सोमवारी आबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून मला घेऊन सांगलीच्या शाखेत गेले. व्यवस्थापक बाईंना पहिला प्रश्न, "बाई, तुमचं वळखपत्र?" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाईंनी हसत गळ्यातलं कार्ड पुढं केलं. मग मला म्हणाल्या, "तीन पत्रं पाठवली. एकदा तरी यायचं होतंत." पगाराच्या पावत्या जोडून अर्ज करा, मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो, त्याला मध्यस्थ लागत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी तिथंच अर्ज लिहिला. पोच मिळाल्यावर आबांनी तिच्यावरचा शिक्का उजेडात धरून बघितला.

येताना चहा घेत असताना आबा म्हणाले, "घरात सांगितलंस?"

"अजून न्हाई," मी म्हणालो.

आबांनी कप बशीत ठेवला. "मी सरहद्दीवर हुतो. कडेगावचं घर माज्या बायकूच्या, हौसाच्या नावावर. असाच एक गोडबोल्या आला, कोऱ्या कागदावर तिची सही घिऊन गेला. घर गेलं. मला घोर नगं म्हनून वरीसभर तिनं कळवलं न्हाई. पत्रात काय, तर आज डांगर केलतं, आज माडगं केलतं, तुमची लय आठवन झाली. आता ती बी न्हाई आन् घर बी न्हाई."

डांगर, माडगं. आणि मी दोन वर्षं त्यावर चिडत होतो! मला माझीच शरम वाटली.

त्याच दिवशी संध्याकाळी बायको माहेरून परतली आणि मी तिला सगळं सांगितलं. ती रडली, भांडली, आणि डिकीतली पत्रं काढून तारखेवार लावत बसली. पुढं मंजुरीचं पत्र आलं ते पोस्टमननं तिच्याच हातात दिलं. हप्ता झेपण्याएवढा झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आबा कुंपणावरून वाकून हळूच म्हणाले, "आज शेंगोळी."

दुपारी बायकोनं केलेल्या शेंगोळ्यांचा डबा घेऊन मी फाटकाशी गेलो.

"थम! कौन आता है?"

मी डबा पुढं धरला. झाकण काढलं.

आबांनी कडीवर हात ठेवून डब्यात वाकून बघितलं.

"लसूण लय घातलाय," ते म्हणाले. "हौसा बी असाच घालायची." आणि त्यांनी कडी काढली.