गच्चीवरची भिवंडी

आमच्या इमारतीच्या गच्चीवर पापड वाळत घालता येत नसत, कारण तिथे भोईर सरांनी खडूने अख्खी भिवंडी आखून ठेवली होती.

सर आमच्या वरच्या मजल्यावर एकटेच राहायचे. कॉलेजात गणित शिकवून रिटायर झालेले. खडूच्या नकाशावर त्यांनी लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, सुताच्या रिकाम्या बॉबिनी मांडल्या होत्या. एक बॉबिन म्हणजे एक बिऱ्हाड. घरभाडं आणि जाण्यायेण्याचा त्रास यांची बेरीज जिथे सगळ्यात कमी, तिथे बॉबिन सरकवायची. दर रविवारी सर गुडघे टेकून लोकांची घरं बदलत बसायचे. एकदा आमचं बिऱ्हाड त्यांनी पार गावाबाहेर मानकोलीला हलवलं. मीच सुचवलं असणार असं समजून बायकोने माझ्याशी अबोला धरला.

"सर, मानकोलीत आमचं आहे कोण?"

"गनितात कोन न्हाय बगत. कारन बगतात. कारनाबिगर मानूस हालत न्हाय."

हे त्यांचं पालुपद. मी भजी खायला गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचो, त्या प्रवासाला ते 'कचरा' म्हणायचे आणि हिशेबातून काढून टाकायचे.

सरांच्या समोरच्या दारात मोमीन चाचा राहायचे, लूम विकून मोकळे झालेले. रोज संध्याकाळी दोघं गच्चीवर चहा पीत बसायचे. चाचा खुशाल नकाशातल्या दापोड्यावर पाय पसरायचे. दुसऱ्या कुणाची ती हिंमत नव्हती.

मग चाचांच्या मुलाने राहनाळला घर घेतलं आणि बापाला बोलावलं. चाचांचा पाय निघेना. त्यांनी सरांनाच विचारलं, "सर, आपका हिसाब क्या बोलता है? जाऊं?"

मी तिथेच होतो. सर 'राहा' म्हणाले असते तर चाचा राहिले असते, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. सरांनी चाचांची बॉबिन उचलून सदऱ्याला पुसली. मग ती त्यांनी राहनाळला ठेवली.

"भाडं न्हाय, जिना चढायचा न्हाय. जावा, चाचा."

मला त्या गणिताचा भयंकर राग आला.

चाचा गेल्यावर काही आठवड्यांनी मी कामासाठी राहनाळला निघालो, तर शेअर रिक्षात सर. मांडीवर चहाचा थर्मास.

"सर का तो रोज का है," रिक्षावाला म्हणाला.

"काय काम काढलंत, सर?"

"गनित तपासाया चाललोय. चाचा अजून तितंच ऱ्हातात का, बगून येतो."

"त्यासाठी रोज?"

त्यांनी थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

"मानूस हाय. कारनाबिगर पन परत यील."