धुडकूबापूंचे नियम

धुडकूबापूंच्या टांग्यात बसलात, तर चढ आला की उतरावं लागतं. स्टेशनच्या रस्त्याला जरा चढ लागला, की बापू लगाम खेचतात आणि सवारीला फर्मावतात, "उतरा भाऊ. नगरपालिकाना नियम शे."

असा काही नियम नाही. मी नगरपालिकेत कारकून आहे आणि बापूंचा शेजारीही, त्यामुळे ठामपणे सांगतो. पण आमच्या नावावर खपवायला बापूंकडे नियमांचा तोटा नाही. टांग्यात भांडायचं नाही, घोडी बिचकते, नियम शे. मोबाइलवर गाणी लावायची नाहीत, नियम शे. कोरीटहून बाजाराला आलेल्या एका आजीबाईंची टोपली त्यांनी एकदा तपासली. "वांगा ऱ्हाऊ द्या. गाजरं मन्हाजोडे द्या, घोडीनं ध्यान जास." उतरताना गाजरं कमी भरली. त्यालाही नियम होताच.

घोडीचं नाव मंगी. पोळ्याला बापू तिला झूल घालून बैलांच्या रांगेत उभी करतात. लोक कुरकुरले तर विचारतात, "बैलेसनी काही तक्रार शे का?" बैलांची नसते. मग पुरणपोळी मंगीलाही मिळते.

आणि मग खरोखरच नियम आले. भर उन्हात टांगा नाही, जास्त सवाऱ्या नाहीत, जनावराच्या डॉक्टरने तपासल्याशिवाय परवाना नाही. बापू पेढे घेऊन ऑफिसात हजर! "देखा, मी सांगेल व्हतं ना!"

मला मात्र धाकधूक होती. मंगी थकत चालली होती. परवाना गेला तर टांगा बंद, आणि टांग्याशिवाय बापूंना दुसरं काही येत नाही. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. घरात बोलायला काय ती मंगीच.

तपासणीला मी मुद्दाम गेलो. डॉक्टरांनी दात पाहिले, खूर पाहिले, मैदानात चालवून पाहिलं. सपाटीवर मंगी नवरीसारखी ठुमकत गेली. डॉक्टरांनी सहीसाठी पेन काढलं आणि सहज विचारलं, "काही त्रास?"

मी मागून खुणा करत होतो, नाही म्हणा, बापू, नाही म्हणा.

बापूंनी डोक्यावरची टोपी काढली. "चढवर उजवा पाय दुखस तिना. ती कशी सांगी? मालेच सांगनं पडी."

परवाना मिळाला नाही. मला बापूंचा भयंकर राग आला, आणि तितकंच भरूनही आलं.

आता टांगा अंगणात उभा असतो, त्यावर कोंबड्या बसतात. मंगीला विकत घ्यायला एक व्यापारी आला होता. "घरनं म्हतारं मानूस इकतस का?" म्हणून बापूंनी त्याला फाटकातूनच पिटाळलं.

परवा संध्याकाळी ऑफिसातून निघालो, तर टांग्यांच्या स्टँडवर बापू आणि मंगी उभे. टांगा नाही, नुसतेच दोघं.

"बापू, इथे काय करताय?"

"तिले वाटस, सवारी येई. आम्ही थोडं उभं ऱ्हातस, मंग घर जातस."

"आणि कोणी आलंच नाही तर?"

"नही येत कोनी," बापू मंगीची मान कुरवाळत म्हणाले. वाट कोण बघत होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी डब्याची पिशवी खांद्याला अडकवली. "बापू, घरापर्यंत सोडता का?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. अगदी नेहमीसारखं. "सोडसू. पन पायी चालनं पडी."

"माहीत आहे," मी म्हणालो. "नियम शे."

बापू काहीतरी बोलणार होते, पण मंगी आमच्याआधीच चालायला लागली होती.