सुलूआत्याचा उघडा कॉम्प्युटर

शहापूरला आमच्या आळीत सुलूआत्याच्या दाराच्या चौकटीवर एका बाजूला ‘शुभ’ लिहिलं होतं, दुसऱ्या बाजूला ‘लाभ’, आणि दोन्हींच्या मधोमध, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ऑइलपेंटने, तिच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड.

पासवर्ड ही लपवायची गोष्ट असते, हे तिला पुष्कळांनी सांगून पाहिलं. तिचं उत्तर ठरलेलं. “लपवायचाय तर ठेवला कशाला? आणि ठेवलाय तर सांगायला काय हरकत?”

हा पासवर्ड मुळात तिचा नव्हताच. तो दिनेशचा, म्हणजे तिच्या मुलाचा. दिनेश पुण्याला एका कंपनीत असतो आणि तिथे त्याचं काम एकच, लोकांच्या कॉम्प्युटरमध्ये चोर शिरू नयेत हे बघायचं. आता अशा माणसाची आई सुलूआत्या असावी, याला काय म्हणायचं? आईला करमावं म्हणून त्याने घरी कॉम्प्युटर घेऊन दिला. तिने तो ओटीवर मांडला, त्याला झालरीचं कव्हर शिवलं आणि आळीला सांगून टाकलं, “लागंल तेव्हा या.”

एका गणपतीत दिनेश घरी आला आणि सहज कॉम्प्युटर उघडून बसला. आत सापडलं काय काय! कोणाच्या भाचीचा लग्नाचा बायोडाटा, कोणाचं रेल्वेचं तिकीट आणि एका अनोळखी माणसाचं आधार कार्ड, पुढून आणि मागून.

“आई, हा कोण?”

“माहीत नाय रे. खर्डीचाय बिचारा.”

दिनेशने त्याच दिवशी पासवर्ड घातला. त्यात आकडे होते, लहानमोठी अक्षरं होती आणि मधे ते ‘ॲट’चं गोल शेपटीचं चिन्ह होतं. आत्या त्याला ‘जिलेबी’ म्हणायची. दिनेशची गाडी वळणाआड गेली असेल नसेल, तिने मला हाक मारली. “वैशू, तुझं अक्षर बरं हाय. ब्रश घे आणि लिही गो दारावर. कोणी आलं आणि मी बाजारात असले तर?”

मी लिहून दिला. जिलेबी जरा मोठीच काढली.

आत्याची सगळी नोकरी मुरबाडच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन, समोर खुंट्यांचा बोर्ड, आणि ‘बोला, कुठं जोडून देऊ?’ एक्स्चेंज सुटलं, बोलणं सुटलं नाही. तुम्ही खुर्चीत बसलात की ती विचारणार, “बोला, कुठं जोडून देऊ?” ओटीवर दोघांची हुज्जत सुरू झाली की ओरडणार, “ए, लाइन मोकळी ठेवा!” मुरबाडात कोणाचं लग्न कोणी मोडलं, कोण कोणाला चोरून फोन करायचं, सगळं तिला ठाऊक होतं. मी खोदून खोदून विचारायची. ती तांदळातले खडे वेचता वेचता म्हणायची, “लाइन बिझी हाय.”

कॉम्प्युटरवरही तिचं तेच. खांद्यावरून सगळं वाचायची, त्यावर मत द्यायची, पण ओटीच्या बाहेर अक्षर जाऊ द्यायची नाही. शेजारच्या मुलाने नोकरीच्या अर्जात ‘छंद : वाचन’ लिहिलं, तर म्हणाली, “तुला पेपर वाचताना मी बघितला नाय कधी. झोप लिही, झोप.”

मी मात्र तिला हसू शकत नाही. लॉकडाउनमध्ये माझं डी. फार्मचं वर्ष अडकलं होतं. घरात फोन एकच, तो बाबांचा, त्याची काच फुटलेली, आणि बाबा तो खिशात घालून शेतावर जायचे. कॉलेज म्हणालं, वर्ग ऑनलाइन भरतील. मी रडत बसले होते. आत्या कुंपणापाशी आली आणि म्हणाली, “रडायला खुर्ची लागत नाय, शिकायला लागते. ये इकडं.”

ते सगळं वर्ष मी तिच्या ओटीवर काढलं. माझा वर्ग असला की ती गल्लीतल्या पोरांना हाकलायची, कोंबड्यांना हाकलायची, एकदा तर बोलत उभ्या असलेल्या सरपंचांनाही हाकललं. तोंडी परीक्षेच्या वेळी ती चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली. पडद्यावरच्या सरांनी विचारलं, “मागे कोण आहे?” आत्या वाकून म्हणाली, “मी सुलू. तुमचं चालू द्या.” सर हसले, माझी भीती गेली आणि मी पास झाले. आज शहापूरच्या एका औषधांच्या दुकानात मी काउंटरच्या आतल्या बाजूला उभी असते, ती त्या ओटीमुळे.

तरीही पासवर्डाच्या बाबतीत मी दिनेशच्या बाजूची होते. आत्याचं पेन्शनचं खातं त्यातच, आणि नानांचे फोटोही त्यातच. नाना म्हणजे तिचे यजमान, वारून काही वर्षं झाली होती. ट्रंकेतल्या मूळ फोटोंना वाळवी लागली. त्याआधी दिनेशने ते कॉम्प्युटरवर घेऊन ठेवले होते, म्हणून वाचले. भिंतीवर हार घातलेला एक होता, पण तो ओळखपत्रावरचा मोठा केलेला. त्यात नाना पोलिसांत तक्रार द्यायला आल्यासारखे दिसत.

आणि मग व्हायचं ते झालं.

आमच्या आळीतला प्रकाशदादा शहापूर ते आसनगाव स्टेशन रिक्षा चालवतो. त्याच्या धाकट्या भावाची हळद होती. प्रकाशदादा हळदीची गाणी उतरवून घ्यायला ओटीवर बसला आणि पडद्यावर जे जे लुकलुकलं त्यावर बोट दाबत गेला. संध्याकाळी कॉम्प्युटर लाल झाला. इंग्रजीत मजकूर आला, की तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, पैसे पाठवा. जिने जन्मात कुलूप लावलं नाही, तिच्या कॉम्प्युटरला चोरांनीच कुलूप लावलं.

दिनेश धावत आला. दोन दिवस खटपट केली. फोटो निघाले नाहीत. दुसरी प्रत त्याच्याकडेही नव्हती आणि तेच त्याला जास्त लागलं असावं. कधी आवाज न चढवणारा मुलगा ओरडला, “तुझ्या या धर्मशाळेपायी बाबा गेले, आई!”

दिनेशने सगळं पुसून कॉम्प्युटर नव्याने बसवला, दारावरचा पासवर्ड खरवडून काढला, नवा घातला आणि म्हणाला, “हा कोणालाही सांगायचा नाही.” आत्याने मान हलवली, आणि खरंच कोणालाही सांगितला नाही. मलाही नाही.

ओटी रिकामी झाली. लोक पायऱ्यांपाशी येत आणि “काय आत्या, बरं ना?” म्हणून परत जात. झालरीचं कव्हर दिवसभर निघत नव्हतं. आत्या तांदूळ निवडत बसायची. निवडलेलेच पुन्हा निवडायची. प्रकाशदादा तर आळीत दिसेनासाच झाला. घरी जायला तो मागच्या नाल्याकडून वळसा घालू लागला.

एके सकाळी मी कामाला निघाले, तर आत्या चपला घालून दारात. “चल गो, मी पण येते.” रिक्षास्टँडवर आली, बाकीच्या रिक्षा सोडून थेट प्रकाशदादाच्या रिक्षेत जाऊन बसली आणि मलाही ओढून घेतलं. “आसनगाव स्टेशन.”

गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? त्याने रिक्षा काढली. मान खाली, आरशाकडेही बघेना.

अर्ध्या वाटेवर आत्या म्हणाली, “प्रकाश, नाल्याकडून जातोस, गॅस फुकट जळतो ना रे?”

प्रकाशदादाने रिक्षा कडेला घेतली आणि तो एकदम फुटलाच. “आत्या, माझ्यामुळं नाना गेले वो.”

“नाना तुझ्यामुळं नाय गेले. छातीत दुखून गेले.”

मला हसू आलं आणि रडूही आलं. आत्या पुढे सरकली, त्याच्या पाठीवर हात ठेवला. “फोटो गेले. ते काय परत यायचे नायत. तू पण यायचा बंद झालास तर मी बघू कोणाकडं?”

स्टेशन आलं. आत्या उतरली नाही. “आता घरी चल. चहा घे आणि मग धंद्याला जा.”

त्या दिवसापासून प्रकाशदादाने एक काम धरलं. नाना हयातभर दुसऱ्यांच्या लग्नांत राबले होते. पंगत त्यांच्याशिवाय उठत नसे. प्रकाशदादा ज्याच्या त्याच्या घरी जाऊन लग्नाचे, बारशाचे, साखरपुड्याचे अल्बम मागायला लागला. भाडं घेऊन आटगावला गेला तर तिथून अल्बम, मुरबाडला गेला तर तिथून. मी मोबाइलवर त्यांतल्या फोटोंचे फोटो काढत होते. प्रत्येक अल्बमात कुठे ना कुठे नाना सापडत. नवरदेवाच्या मागे वरणाची बादली घेऊन. मांडवाच्या खांबाला टेकून, डोळे मिटलेले. बँडवाल्याच्या ढोलामागे अर्धेच. एका फोटोत नुसता हात, भजी वाढणारा. तोही प्रकाशदादाने घ्यायला लावला. “घड्याळ बग ना, नानाच ते.”

हे कळल्यावर दिनेश पुण्याहून आला. सगळे फोटो एकेक करून बघितले. मग प्रकाशदादाला म्हणाला, “बस दादा, तुला दाखवतो,” आणि त्याने कॉम्प्युटरची दोन घरं केली. एकात आईचं खातं आणि महत्त्वाची कामं, त्याला पासवर्ड. दुसरं आळीसाठी, त्याला काही नाही. आत्याला एका क्षणात समजलं. “म्हणजे एक माजघर आणि एक ओटी. हे आधी नाय सांगायचं?”

“आधी तू ऐकलं असतंस?”

“नसतं,” आत्या म्हणाली.

फोटोंच्या दोन प्रती त्याने स्वतःजवळ घेतल्या. मग विचारलं, “आई, बाबांचे फोटो माजघरात टाकतो. पासवर्डात. आता कोणाचा हात लागायला नको.”

आम्हा सगळ्यांना ते पटलं. प्रकाशदादाने तर सगळ्यांत आधी मान हलवली.

आत्या पडद्याकडे बघत होती. बादली घेतलेले नाना, भोवती जेवणारी माणसं, कोणाचं तरी हसणारं पोर.

“नको रे,” ती म्हणाली. “त्यांना ओटीवर राहू दे. तिथं माणसं येत-जात असतात. आत एकटं नाय करमत.”

दिनेशने आईकडे पाहिलं. मग फोटो ओटीवर ठेवले.