खिंडीखालचा ठिपका

एसेनच्या सामानात मोजून एक्केचाळीस वस्तू होत्या. एक तंबू, एक स्लीपिंग बॅग, एक शेगडी, एक होकायंत्र, दोन नकाशे, दोन दोऱ्या, तीन विजेऱ्या, पायमोज्यांचे चार जोड, फोडांवर लावायच्या नऊ पट्ट्या, एक शिट्टी, ती वाजली नाही तर दुसरी शिट्टी, आणि वेगळ्या निळ्या पिशवीत, गरम पाणी ओतलं की जेवण होणारी चौदा पाकिटं. निळी पिशवी काट्याला लावली तेव्हा भरली तीन किलो दोनशे ग्रॅम. एक्केचाळिसावी वस्तू छातीवर टांगलेली होती: मुठीएवढं नारिंगी यंत्र, थेट उपग्रहाशी बोलणारं.

या यंत्राबद्दल तो महिनाभर इतकं बोलला होता, की काराकोल शहरातले शेजारी त्याला लांबून पाहिलं तरी गल्ली बदलत.

“जिथे मोबाइल मान टाकतो, तिथे हे बोलायला लागतं!” एसेन म्हणाला.

“म्हणजे तुझ्यासारखंच,” पेरिझात म्हणाली. “ऐकायला कुणी नसलं तरी चालूच.”

पेरिझात त्याची बायको, आणि मालकीणही. लोकांना डोंगरात नेण्याचा धंदा तिचा. टोळ्या घेऊन जायचा तिचा धाकटा भाऊ काचकिन. एसेन कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणं सोडून या धंद्यात आला त्याला तीन वर्षं झाली, आणि त्या तीन वर्षांत त्याने जगातली सर्वात शास्त्रशुद्ध पद्धत वापरून तंबू धुतले होते. आता ऑगस्टमध्ये सोळा जणांची टोळी येणार होती आणि एसेनला तिचा म्होरक्या व्हायचं होतं.

“दर वेळी काचकिनच का?”

“कारण काचकिन जेवढी माणसं घेऊन जातो तेवढीच परत आणतो. तू परवा बाजारातून घरी येताना चुकलास.”

“मी नवा रस्ता तपासत होतो!”

शेवटी पेरिझातने अट घातली. एकट्याने कोक-बेल खिंड ओलांडायची. पलीकडच्या खोऱ्यात गाडी उभी असेल. कुणाची मदत घ्यायची नाही, आणि कुणाचा घासही खायचा नाही. “निळी पिशवी परत आली की तोलणार. रिकामी असली तर टोळी तुझी. नसली तर तू आणि तुझे तंबू, जन्मभर.”

“एवढंच?” एसेन हसला. मग त्याने सगळ्या घराला समोर बसवून यंत्राचे नियम शिकवले. दर दहा मिनिटांनी त्याचा ठिपका नकाशावर दिसेल. ठिपका पूर्ण दिवस हलला नाही तर मदत पाठवायची. “आणि महत्त्वाचं! मी ‘ठीक आहे’ असं कळवलं तर विश्वास ठेवायचा नाही! उंचीवर प्राणवायू कमी पडला की माणसाला आपण एकदम ठणठणीत आणि फार हुशार आहोत असं वाटायला लागतं. ते पहिलं लक्षण.”

“मग दाजी,” काचकिन म्हणाला, “तुम्ही बारा महिने उंचीवरच राहता म्हणायचं!”

एसेनने त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. ‘ठीक आहे’वर विश्वास न ठेवण्याची ही सूचना त्याने यंत्राच्या नियंत्रण केंद्रालाही लेखी कळवली होती. शिवाय संकटाच्या बटणावरचं झाकण त्याने पेचकसाने काढून टाकलं. संकटात झाकण उघडण्यात दोन सेकंद जातात, असं त्याचं मोजमाप होतं.

पहिल्या दिवशी दुपारी, चढ नीट सुरूही झाला नव्हता, तेव्हा तो कुरणात घोड्या-मेंढ्या राखणाऱ्या म्हाताऱ्या उल्कान आपाच्या यर्टपाशी, म्हणजे नमद्याच्या गोल तंबूघरापाशी, पोहोचला. आपा घोड्या दोहत होती. पाठीवर घर लादलेला माणूस पायी येताना पाहून तिच्या हातातली बादली हिंदकळली.

“अरे बाळा! घोडा मेला का तुझा?”

“नाही आपा, मी मुद्दाम चालतोय.”

आपाने नवऱ्याकडे पाहिलं. मुकाश आजोबांनी मान हलवली. पोराचं डोकं ठिकाणावर नाही, हे दोघांच्याही लक्षात आलं. अशा पोराला दारावरून पुढे जाऊ देणं शक्यच नव्हतं.

भाकरीचा तुकडा मोडल्याशिवाय यर्ट ओलांडता येत नाही, हे एसेनलाही ठाऊक होतं. तुकडा म्हणजे घास नव्हे, असं त्याने मनाशी ठरवलं आणि आत बसला. बसल्याबसल्या त्याच्या लक्षात आलं की नमद्याच्या छताखाली यंत्राला उपग्रह दिसत नाहीये. यर्टच्या माथ्यावर धुरासाठी गोल भोक असतं. एसेनने यंत्र दोन्ही तळव्यांवर ठेवलं आणि हात त्या भोकाकडे उचलले. डोळे वर, ओठ पुटपुटताहेत: “ये... ये... ये...”

नेमक्या त्याच क्षणी मुकाश आजोबा एका मेंढ्याला कानाला धरून दारात उभे राहिले. पाहुण्याने हात उचलून, मग ते चेहऱ्यावरून फिरवून मेंढ्याला आशीर्वाद द्यायचा, मग तो पाहुण्यासाठी कापायचा, ही रीत. यंत्राने टिंग केलं. एसेनने सुटकेचा श्वास सोडला, यंत्र मांडीवर टाकलं आणि घामाने थबथबलेला चेहरा दोन्ही तळव्यांनी वरून खाली पुसला.

“ओमिन!” म्हणाले आजोबा, आणि त्यांनीही चेहऱ्यावरून हात फिरवला.

“ओमिन!” म्हणाली आपा.

एसेनने डोळे उघडले तेव्हा दारात मेंढा नव्हता.

आता स्वतः आशीर्वाद दिलेला मेंढा टाकून उठून जाणारा माणूस त्या डोंगरात अजून जन्मला नव्हता. एसेनने आधी फक्त रस्सा घेतला, कारण रस्सा घन पदार्थ नाही. मग मांस आलं. मग आपाने शेपटीची चरबी स्वतःच्या हाताने त्याच्या तोंडात भरली, आणि तोंड भरलेल्या माणसाला तत्त्वं मांडता येत नाहीत. दुसऱ्या दिवशी कुमिस होतं, घोडीच्या दुधाचं, आंबट, गार आणि हळूहळू चढणारं. पहिल्या वाडग्यानंतर खिंड लांब वाटू लागली. तिसऱ्यानंतर ती कुणीतरी विनाकारण तिथे ठेवल्यासारखी वाटू लागली.

एसेन बाहेर आला आणि घरी संदेश पाठवला: “ठीक आहे. हिमनदीचं निरीक्षण करतोय.”

काराकोलमध्ये पेरिझातने तो वाचला. “काचकिन! घोडा काढ. हा ठीक आहे म्हणतोय!”

“आणि हिमनदी?”

“ठिपक्यापासून हिमनदी वीस किलोमीटर आहे. भास व्हायला लागलेत!”

काचकिन दुसरं यंत्र खिशात घालून तिसऱ्या दिवशी दुपारी यर्टपाशी पोहोचला. आत त्याचे दाजी उशांना टेकून पडले होते. पोट तंबूसारखं ताणलेलं.

“प्राणवायू भरपूर दिसतोय इथे,” काचकिन म्हणाला.

“हळू बोल! तुझ्या ताईला काही सांगू नकोस. आपण दोघं आत्ता निघू—”

पण दारात मुकाश आजोबा उभे होते. नव्या पाहुण्यासाठी नवा मेंढा घेऊन.

काचकिनने अगदी श्रद्धेने हात उचलले. “ओमिन!” मग एसेनकडे वळून म्हणाला, “काय करणार दाजी, रीत आहे. मी कुणाला काही बोलणार नाही. माझं तोंड आता रिकामं नसेल. पण माझाही ठिपका थांबला, की ताई स्वतः येणार.”

हे ऐकून एसेनचं कुमिस क्षणात उतरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो निळी पिशवी घेऊन यर्टच्या मागे गेला आणि चौदाच्या चौदा पाकिटं एका झुडपात टाकून दिली. कुत्रा आला, त्याने एक पाकीट हुंगलं, एसेनकडे दुखावलेल्या नजरेने पाहिलं आणि निघून गेला. थोड्या वेळाने पुन्हा पाहिलं तर झुडूप साफ होतं. “कोल्हे!” एसेन खूश झाला. निसर्गावर त्याचा पूर्ण विश्वास होता.

आता ठिपका हलवायचा होता. त्यासाठी एसेनला जी युक्ती सुचली ती फक्त भौतिकशास्त्राच्या माणसालाच सुचू शकते. त्याने यंत्र एका चपळ तांबड्या घोडीच्या गळ्यात बांधलं, तिचं तोंड खिंडीकडे केलं आणि पार्श्वभागावर थाप मारली. घोडी भरधाव सुटली.

“बघ! गती म्हणजे काय!” एसेन म्हणाला.

“दाजी, तिचं शिंगरू इथे दावणीला बांधलंय.”

“मग?”

उत्तर घोडीनेच दिलं. ती टेकाडापर्यंत गेली, थबकली, वळून शिंगराजवळ आली, त्याला चाटलं, पुन्हा टेकाडापर्यंत गेली. मग शिंगराभोवती गोल फिरू लागली. तिकडे काराकोलहून निघालेल्या पेरिझातने मोबाइलची शेवटची रेघ जाण्यापूर्वी नकाशा पाहिला. नवऱ्याचा ठिपका वर्तुळं काढत होता, त्यातली काही धावत.

तिने घोड्याला टाच मारली.

ती पोहोचली तेव्हा एसेनने उजवा पाय पुढे करून कण्हायला सुरुवात केली होती. “मुरगळला! इथेच, या वळणावर! तेव्हापासून बाहेर तंबूत पडून आहे. स्वतःचंच खाल्लं, पेरिझात! मेंढे काय ते तुझ्या भावाने खाल्ले.”

“तंबू कुठाय?”

“आवरून ठेवला. शिस्त!”

पेरिझातने काचकिनकडे पाहिलं. त्याने बरगडी तोंडात घालून आपण बोलू शकत नसल्याची खूण केली. ती एसेनसमोर बसली. चेहरा थकलेला होता, आणि क्षणभर मऊही झाला. “घाबरले होते रे मी. पाय मुरगळला तर मुरगळला. मुरगळल्यावर हट्टाने वर न जाता माणसांजवळ थांबलास, एवढी अक्कल माझ्या म्होरक्याला हवीच. खिंडीचं सोडून देऊ. पिशवी तेवढी तोलू. रिकामी असली तर ऑगस्ट तुझा.”

एसेन कण्हायचंही विसरला. तंबू नाहीत! बादल्या नाहीत! सोळा माणसं आणि पुढे तो!

एवढ्यात मुकाश आजोबा दारात आले, तिसरा मेंढा घेऊन. आणि बाहेर घोडी लोळली.

दमलेली घोडी गवतात पाठ घासते, त्यात नवल नाही. पण या घोडीच्या गळ्यात झाकण नसलेलं बटण होतं. यंत्राने लांब शिट्टी दिली, मग सारखं टिंग-टिंग करू लागलं.

“काय वाजतंय?” पेरिझातने विचारलं.

“मेंढीची घंटा,” एसेन म्हणाला. ते कसलं टिंग आहे हे जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. नियंत्रण केंद्र विचारत होतं: काय संकट आहे? धावत जाऊन घोडी पकडली असती तर एका संदेशात प्रकरण मिटलं असतं. पण मुरगळलेल्या पायाने धावणार कसं?

“मी जरा... लंगडत जाऊन येतो.”

“बस खाली! पाय सुजेल,” पेरिझात प्रेमाने म्हणाली आणि त्याच्या पायाखाली उशी सरकवली.

केंद्राने नियमाप्रमाणे घरच्यांना फोन लावले. पहिला नंबर पेरिझातचा, दुसरा काचकिनचा. दोघंही एसेनच्या शेजारी बसून मांस खात होते, आणि तिथे रेघ नव्हती. तेवढ्यात घोडी दुसऱ्या कुशीवर लोळली आणि तयार संदेशाचं बटण दाबलं गेलं. केंद्राला मिळालं: “ठीक आहे.” केंद्राकडे एसेनची लेखी सूचना होती. केंद्राने हेलिकॉप्टर मागवलं.

ते आलं तेव्हा उल्कान आपाने सुकायला घातलेल्या ताकाच्या गोळ्या, कुरुत म्हणतात त्या, गारांसारख्या उडाल्या. मेंढ्या नदीकडे पळाल्या, कुत्रा यर्टमध्ये घुसला, आणि तांबडी घोडी शेवटी एकदाची खिंडीच्या दिशेने गेली.

“रुग्ण कोण?” डॉक्टरबाई ओरडल्या.

“हे!” काचकिन म्हणाला. एवढ्यापुरतं त्याने तोंड रिकामं केलं होतं. “कुठला पाय दाजी?”

“हा!” एसेनने डावा पुढे केला.

पेरिझात एकदम गप्प झाली. ती बोलत असली तर आशा असते, हे एसेनला लग्नापासून माहीत होतं. तो घाईघाईने म्हणाला, “पिशवी! आधी पिशवी तोला! ठरलंय आपलं!”

“सगळंच तोलणार,” वैमानिक वैतागून म्हणाला. “एवढ्या उंचीवर, या उन्हात! वजन कळल्याशिवाय मी उचलत नाही.” त्याने दाराच्या कडीला लटकता काटा अडकवला.

उल्कान आपा एसेनचं सामान दोन्ही हातांत घेऊन पळत आली. केसांत कुरुत अडकलेलं, पण चेहऱ्यावर समाधान. “बाळा, तुझी पाकिटं झुडपात पडली होती! कुत्र्याने नेली असणार. एक न् एक शोधून परत भरली. आणि माझ्या घरून पाहुण्याची पिशवी आहे तेवढीच कशी जाईल? वर थोडं कुरुत टाकलंय, आणि थोडं मांस, तुला आवडलं होतं ते, पहिल्या दिवशीचं.”

वैमानिकाने निळी पिशवी काट्याला लावली. पेरिझात जवळ येऊन उभी राहिली. काटा दोनदा हलला आणि थांबला.

चार किलो सातशे ग्रॅम.